पोपच्या नावाची वाइन

फ्रान्सच्या दक्षिण भागात, ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर, ओरांज आणि आव्हिन्यों या दोन शहरांच्या मधोमध शातोनफ द्यु पाप नावाचे एक लहानसे गाव आहे. या नावाचा अर्थ ‘पोपचा नवा गड’. तेथील तांबडी वाइन याच नावाने जगभर ओळखली जाते, आणि तिच्या बहुतेक बाटल्यांच्या काचेवर पोपचा मुकुट व संत पीटरच्या चाव्या उठावदार उमटवलेल्या असतात. ते चिन्ह पाहून कोणालाही वाटावे की, चौदाव्या शतकात पोपमहाराजांनी या वाइनला जी कीर्ती दिली, तीच आजवर अखंड चालत आली आहे. हा समज अर्धाच खरा आहे, आणि राहिलेला अर्धा भाग माझ्या मते अधिक ऐकण्यासारखा आहे.

पोप तेथे आले ही गोष्ट खरी. रोममधील अस्थिरतेमुळे पाचवा क्लेमंट १३०९ साली आव्हिन्योंला आला आणि १३७७ पर्यंत धर्मपीठ तेथेच राहिले. त्याच्या मागून आलेल्या बाविसाव्या जॉनने या गावाच्या टेकडीवर उन्हाळी निवासासाठी गड बांधला आणि भोवतालच्या द्राक्षमळ्यांना उत्तेजन दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात आल्फाँस दोदे याने पोपच्या खेचराची जी गमतीची कथा लिहिली, तीत हा द्राक्षमळा मोठ्या प्रेमाने आला आहे. परंतु पोप रोमला परतल्यावर गड ओस पडू लागला. गावाचे नावही तेव्हा पोपचे नव्हते. आसपासच्या चुन्याच्या भट्ट्यांवरून त्याला शातोनफ काल्सेर्निये म्हणत. ‘द्यु पाप’ हे बिरुद सरकारदप्तरी लागले ते १८९३ साली, म्हणजे पोप जाऊन पाच शतके लोटल्यावर!

ज्या काळात हे नाव लागले, तो काळ या गावाच्या दृष्टीने मोठा कठीण होता. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे पोखरण्यास प्रारंभ केला. ऱ्होनचे खोरे हे या संकटाचे पहिले भक्ष्य होते. ही कीड मुळांवर असते, हे माँपेलिएचे प्राध्यापक प्लांशाँ यांनी १८६८ मध्ये ओळखले. अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचे कलम करणे हा उपाय सर्वमान्य होईपर्यंत मळेच्या मळे उजाड झाले होते. नव्याने लागवड झाली, तरी शातोनफची वाइन स्वतःच्या नावाने क्वचितच विकली जाई. उन्हाच्या या प्रदेशातील द्राक्षे गोड, म्हणून वाइनमध्ये मद्यार्क भरपूर. तेव्हा बर्गंडीचे व्यापारी ती पिपांतून नेत आणि आपल्या थंड प्रदेशातील फिक्या, अशक्त वाइनमध्ये मिसळून तिला बळकटी आणीत. उलट जेव्हा शातोनफ या नावाला थोडी किंमत येऊ लागली, तेव्हा कोठलीही वाइन त्या नावाने खपवणारे निर्माण झाले. माल आपला आणि नाव दुसऱ्याचे, किंवा नाव आपले आणि माल दुसऱ्याचा, अशा दुहेरी कात्रीत तेथील मळेवाले सापडले होते.

१९२३ मध्ये ते बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. हे गृहस्थ मूळचे गावचे नव्हेत. कायद्याचे शिक्षण घेतलेले, पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढलेले, आणि विवाहसंबंधाने शातो फोर्तिया या मळ्याचे धनी झालेले. त्यांनी नेतृत्व पत्करले, पण एका अटीवर. भेसळ करणाऱ्यांशी झगडण्यापूर्वी मळेवाल्यांनी स्वतःवर शिस्त लादून घेतली पाहिजे, ही ती अट. मग त्यांच्या संघाने जी नियमावली केली, ती वाचताना कायद्याची कलमे वाचण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्यालाही कौतुक वाटते.

पहिला प्रश्न सीमेचा. कोणती जमीन शातोनफची मानावयाची? नियमात निकष ठरला तो असा की, जेथे रानओवा आणि लव्हेंडर या दोन वनस्पती उगवू शकतील अशी रुक्ष जमीन तेवढीच पात्र. यातील मर्म साधे आहे. सुपीक, ओलसर जमिनीत द्राक्षे पुष्कळ येतात, पण रस पाणचट होतो. ही दोन झुडपे जेथे तग धरतात, तेथे वेलीलाही कष्टाने जगावे लागते आणि फळ थोडे पण घट्ट रसाचे येते. पुढे द्राक्षांच्या जाती ठरल्या, छाटणीची पद्धत ठरली, मद्यार्काचे प्रमाण शेकडा साडेबारापेक्षा कमी असता कामा नये असे ठरले, आणि काढणीच्या वेळी काही द्राक्षे निवडून टाकून दिलीच पाहिजेत असे बंधन आले. पीक चांगले आले तरीही त्यातला वाटा टाकून द्यावयाचा, हे शेतकऱ्याने आपण होऊन मान्य करणे किती अवघड असते ते शेतीशी संबंध असणाऱ्यास सांगावयास नको.

न्यायालयीन झगडा १९३३ पर्यंत चालला आणि निकाल संघाच्या बाजूने लागला. १९३५ मध्ये फ्रान्सने साऱ्या देशासाठी नियंत्रित नामाधिकाराचा कायदा केला. त्याखाली मे १९३६ मध्ये ज्या पहिल्या काही वाइनना मान्यता मिळाली, त्यांत शातोनफ द्यु पाप होती. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी जी राष्ट्रीय संस्था निर्माण झाली, तिचे अध्यक्षपद ल रुआ यांनी १९४७ पासून १९६७ पर्यंत भूषविले. आपल्याकडे भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा. त्याखाली पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला ते संरक्षण मिळाले. हापूसच्या पेटीत परप्रांतीचा आंबा निघाल्याचा अनुभव ज्यांना आला असेल, त्यांना शातोनफच्या मळेवाल्यांचे दुःख वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष वाइनविषयी. नियमाने तेरा जातींची द्राक्षे चालतात; रंगभेद धरून नव्या गणनेत त्या अठरा होतात. प्रत्यक्षात सुमारे तीन चतुर्थांश लागवड ग्रनाश या एकाच जातीची आहे. तिच्यामुळे गोडसर भरदारपणा येतो; सिरा रंग आणि मिऱ्याचा गंध देते, मुर्व्हेद्र टिकाऊपणा देते. काढणी हातानेच करावी लागते, आणि हेक्टरी ३,५०० लिटरपेक्षा अधिक वाइन करता येत नाही. मळ्यांतील वाटोळ्या गोट्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. आल्प्समधून प्राचीन काळी पाण्याबरोबर घरंगळत आलेले हे दगड दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात, असे सांगण्याची प्रथा आहे. मला मात्र वाटते की, त्या प्रदेशात उष्णतेची वाण कधीच नव्हती. दगडांखाली ओल टिकते हाच त्यांचा मोठा उपकार. शिवाय सर्वत्र दगड नाहीतच. तेथील अत्यंत नावाजलेला शातो रायास हा मळा वाळूवर उभा आहे. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा वारा सोसाट्याने वाहतो आणि वेलींवर बुरशी धरू देत नाही.

अशी ही वाइन रंगाने फार काळी नसते. तिला पिकलेल्या चेरीचा, रासबेरीचा, वाळलेल्या रानऔषधींचा आणि मसाल्याचा वास येतो. दहापंधरा वर्षे मुरल्यावर चामड्याचा व सुक्या अंजिराचा. तिच्यासोबत प्रोव्हान्समध्ये रानओवा लावून भाजलेली कोकराची मांडी, वाइनमध्येच मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले गोमांस, थंडीत रानडुकराचे मांस व त्याच प्रदेशातील काळी भूछत्रे वाढतात. तत्त्व असे की, वाइन बलिष्ठ असल्याने पदार्थही स्निग्ध व भरीव हवा. नाजूक मासळी तिच्यापुढे हरवून जाते. आपल्या झणझणीत रश्श्याशी मात्र तिचे जमत नाही, कारण मद्यार्कामुळे मिरचीची आग दुणावते. ती ‘खोलीच्या उष्णमानात’ प्यावी असे पुस्तकांत असते, ते दगडी भिंतींच्या जुन्या फ्रेंच घरांतील समजावे, म्हणजे सोळा-सतरा अंश. नागपूरच्या मे महिन्यातील खोली त्या लेखकांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पोपच्या गडाचा बुरूज सुरुंगाने उडवला; त्याची अर्धी भिंत तेवढी उभी आहे. नियम मात्र टिकले. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, जगभर उडत्या तबकड्यांची आवई उठली असता तेथील महापौरांनी गावाच्या हद्दीत तबकड्यांना उतरण्यास बंदी करणारा हुकूम काढला, आणि उतरल्यास जप्तीची तरतूदही केली! सीमेबाबत हे गाव किती दक्ष आहे, याचा हा विनोदी पुरावा.

आज या गावापुढे वेगळाच पेच आहे. १९२३ मध्ये साडेबारा अंशांची मर्यादा घातली, ती द्राक्षे पुरेशी पिकावीत म्हणून. हवामान तापत गेल्याने आता चौदा-पंधरा अंश सहज गाठले जातात, आणि वाइन जड होऊ नये याचीच चिंता लागते. म्हणून ल रुआंच्या यादीत असूनही अनेक वर्षे दुर्लक्षिलेल्या कुन्वाज, तेरे, पिकपूल यांसारख्या कमी मद्यार्काच्या, आंबटसर जातींकडे काही मळेवाले पुन्हा वळले आहेत.