चांदीवरचा राजा खरा की नुसताच दावेदार?

निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला तुम्ही गेला असालच. तिथून गोदावरीच्या काठाने वर वर गेलं की दारणा आणि गोदावरीच्या संगमावर जोगलटेंभी लागतं. हे गाव शेजारच्या सिन्नर तालुक्यातलं. १९०६ साली इथे चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. थोडीथोडकी नव्हेत, तेरा हजारांहून जास्त नाणी!

ही नाणी क्षत्रप राजा नहपानाची. जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण खरी गंमत पुढेच आहे. यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर आणखी एक ठसा आहे: तीन कमानींची टेकडी आणि ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ या दुसऱ्या राजाचं नाव. काही नाण्यांवर तर टेकडीच्या आडून नहपानाचं नाक अजून डोकावतं!

हे झालं कसं? चांदी मऊ धातू. कठीण धातूच्या साच्यावर उलटी आकृती कोरायची, तो चांदीवर ठेवायचा आणि वरून हातोडा हाणायचा, की चांदी दबते आणि साच्यातल्या खाचांत शिरते. दुसरा ठसा मारला की पहिला चेपतो, पण पुरता पुसला जात नाही. म्हणूनच कळतं, की नहपान आधी आणि सातकर्णी नंतर. वितळवायची खटपट नाही, आणि नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला नवा राजा कोण ते कळलं!

पण थांबा. ठसा मारला म्हणजे राज्य मिळालं, असं धरून चालेल का?

उत्तर शोधायला आता रोमला जाऊ. तिथे १७८८ साली चांदीचं एक पदक निघालं. त्यावर हेन्री बेनेडिक्ट स्टुअर्ट यांचा चेहरा आहे. ते कॅथलिक चर्चमधले मोठे धर्मगुरू, म्हणजे कार्डिनल. त्यांचे आजोबा इंग्लंडचे राजे होते, पण १६८८ च्या उठावात त्यांची गादी गेली. बरोबर शंभर वर्षांनी हेन्रींचे थोरले भाऊ वारले आणि गादीवरचा हक्क त्यांच्याकडे आला. म्हणून पदकावर कोरलं, ‘नववा हेन्री, राजा’! मागच्या बाजूला क्रूस धरलेली स्त्री, सिंह, आणि जमिनीवर ठेवलेला मुकुट. शिवाय ‘माणसांच्या इच्छेने नव्हे, देवाच्या इच्छेने’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द.

चांदी खरी, कोरीव काम सुरेख. पण हेन्रींनी एक दिवसही राज्य केलं नाही. तेव्हा लंडनच्या नाण्यांवर चेहरा होता तिसऱ्या जॉर्जचा, आणि बाजारात चालत होती तीच नाणी.

म्हणून इतिहास शोधणारे दुसरा साक्षीदार हुडकतात. सातकर्णीच्या बाबतीत तो नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या शिलालेखात लिहिलंय, की त्याने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला. नाणं आणि शिलालेख एकच गोष्ट सांगतात, मग दावा पक्का!

आता तुम्ही करून बघा. मळलेल्या कणकेच्या चपट्या गोळ्यावर एक बटण दाबा, त्यावरच दुसरं बटण थोडं सरकवून दाबा आणि गोळा मित्राला द्या. कुठलं बटण आधीचं? उत्तर दिलं की लगेच विचारा, “कशावरून?”