झग्याचा घेर खाली का येतो?

धाकट्या बहिणीच्या शाळेत स्नेहसंमेलन होते. तिच्यासाठी मी घरीच एक झगा शिवला. पिवळे सुती कापड आणि छत्रीसारखा गोल घेर. खडूने व्यवस्थित वर्तुळ आखले, कापले, त्याच संध्याकाळी खालची कड मुडपून शिवली आणि झगा खुंटीला अडकवून झोपले. सकाळी पाहते तो घेर चार ठिकाणी खाली लोंबलेला! टीप कोठे सुटली नव्हती, मापही चुकले नव्हते. मग असे का झाले?

एक सुती हातरुमाल घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून तो ओढा. फारसा ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. रुमाल चांगलाच लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. रुमाल तोच, हातही तेच. बदलली ती फक्त ओढण्याची दिशा.

भिंगातून पाहिलेत तर कारण सापडेल. मागावर विणलेल्या कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात, आणि आडवे असतात तो बाणा. ताणा कापडाच्या काठाला समांतर जातो. यांपैकी कोणत्याही दिशेने ओढले तर ओढ सरळ धाग्यांवर येते, आणि सुताचा धागा सहजासहजी लांबत नाही. पण तिरपे ओढले की धाग्यांना लांबावे लागतच नाही. जेथे ते एकमेकांना छेदतात तेथे ते चिकटवलेले नसतात. तेथे ते थोडे वळतात, इतकेच. त्यांच्यामधले इवलेसे चौरस मग समभुज चौकोन होतात. दुकानाचे सरकते जाळीचे दार आठवा. ते ढकलले की पट्ट्यांची लांबी तेवढीच राहते, पण दार अरुंद होते. कापडात धाग्यांची दाटी झाली की हे वळणे थांबते, म्हणून रुमाल दारासारखा मिटत मात्र नाही.

या तिरप्या दिशेला शिंपी ‘उरेब’ म्हणतात. गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी नेहमी उरेब कापतात ती याचसाठी. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही, तिला चुण्या पडतात. पॅरिसच्या मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) या शिवणतज्ज्ञ बाईंनी तर सबंध झगेच उरेब बेतले, आणि १९२०–३० च्या सुमारास त्यासाठी त्या प्रसिद्ध झाल्या. त्या आधी लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लावून पाहत. मला हे फार शहाणपणाचे वाटते, कारण कापड कसे लोंबेल हे टेबलावर कधीच कळत नाही.

आता आपला झगा बेतू. प्रथम कापड भिजवून वाळवा. मागावर धागे ताणलेले असतात. पाणी लागले की हा ताण सुटतो, तंतू फुगतात आणि कापड आटते. ते शिवल्यावर आटण्यापेक्षा आधी आटलेले बरे.

समजा, कंबर ६६ सेंटिमीटर आहे. वर्तुळाचा परीघ = २ × २२/७ × त्रिज्या. म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या १०.५ सेंटिमीटर आली. लगेच कात्री चालवू नका! शिवणीसाठी दीड सेंटिमीटर माया लागते आणि ती आतल्या बाजूला हवी, म्हणून ९ सेंटिमीटर त्रिज्येवर कापायचे. १०.५ वर कापून १२ वर टीप घातलीत तर कंबर होईल सुमारे ७५.४ सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरच्या चुकीने झगा साडेनऊ सेंटिमीटरने सैल!

घेराची लांबी ६० सेंटिमीटर हवी असेल तर बाहेरची त्रिज्या ७०.५ होते. कापडाचा पन्हा ९० असेल तर त्यात पूर्ण वर्तुळ मावत नाही. दोन अर्धवर्तुळे घ्या, सरळ बाजू काठाला समांतर. कापड सुमारे तीन मीटर लागेल. बाजूच्या शिवणींपाशी आता ताणा खाली लोंबतो, पुढे-मागे मधोमध बाणा. आणि या चार जागांच्या बरोबर मध्ये, ४५ अंशांवर, चार उरेब जागा येतात. तेथे कापडाच्या स्वतःच्या वजनानेच धागे वळतात आणि घेर खाली उतरतो. माझे चार झोळ ते हेच.

म्हणून घेर कमरेशी जोडल्यावर झगा निदान एक रात्र टांगून ठेवा. जे उतरायचे ते उतरू द्या. मग झगा अंगात घालून ताठ उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून लाकडी पट्टीने मोजत, फिरत फिरत खडूच्या खुणा करायला सांगा. वरून मोजून चालणार नाही. खुणांखाली एकच सेंटिमीटर ठेवून बाकीचे कापा. गोल कड जास्त मुडपली तर काय होते ते पाहा: ४ सेंटिमीटर मुडपलेत तर कापलेली कड ७४.५ त्रिज्येची, पण ती बसवायची ६६.५ च्या वर्तुळावर. सुमारे ५० सेंटिमीटर कापड जास्त, त्याच्या चुण्याच पडणार! १ सेंटिमीटर मुडपलेत तर हे जादा कापड साडेबारा सेंटिमीटरच राहते, आणि सव्वाचार मीटरहून मोठ्या घेरात ते निमूटपणे जिरते.

माझा पिवळा झगा मी त्याच सकाळी उसवला, बहिणीला स्टुलावर उभे करून जमिनीपासून मोजला आणि पुन्हा कापला. दोन बोटे आखूड झाला खरा. पण गिरकी घेताना त्याची कड सगळीकडे सारखी दिसत होती.