साईडपट्टी: बंद पडलेल्या गाडीची जागा

भंडारा-साकोलीमार्गे रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (जुना ६) धानाचे ट्रॅक्टर आणि लांब पल्ल्याचे ट्रेलर एकत्र धावतात. तिथे पक्की साईडपट्टी ही चैन नव्हे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. रात्री लेनमध्ये उभा असलेला बिनदिव्याचा ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. साईडपट्टीची जागा वाहतुकीला दिली तर कोंडी घटते, हा आक्षेप खराच. इंग्लंडने तेच केले, कॅमेरे लावले, ठरावीक अंतरावर थांबे दिले. तरी एप्रिल २०२३ मध्ये असे नवे मार्ग रद्द झाले. खर्चाइतकाच चालकांचा उडालेला विश्वास त्याला कारण होता. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२२ वाहन धोकादायक जागी सोडण्यास मनाई करते. पण टायर फुटलेला ट्रक न्यायचा कुठे? ती जागा रस्त्यानेच द्यायची असते.