कॉलेजच्या लॅबमध्ये घडलेले यंत्र

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल डेकार्ड हा टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. उन्हाळी सुट्टीत त्याने ह्यूस्टनच्या एका मशीन शॉपमध्ये काम धरले. तिथे भागाचे ड्रॉइंग संगणकावर तयार होई, पण ओतकामासाठी लागणारा पॅटर्न मात्र कारागीर हातानेच घडवत. संगणकातली आकृती थेट वस्तू होऊन का येऊ नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. १९८४मध्ये पदवी संपत आली तेव्हा त्याला उत्तर सुचले होते. पावडरचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग तापवून सांधायचा, त्यावर पुढचा थर द्यायचा.

प्राध्यापक जो बीमन यांनी त्याला एमएससाठी हाच विषय घेऊ दिला. मला या कहाणीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच वाटतो. पहिल्या यंत्रात १०० वॅटचा याग लेझर होता, तो चालवायला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक होता आणि पावडर भुरभुरायला मीठदाणीसारखे भांडे. ते भांडे डेकार्ड स्वतः हाताने हलवी. त्यातून निघाले ते प्लास्टिकचे ओबडधोबड ठोकळे. पण कल्पना चालते एवढे त्यांनी दाखवले, आणि पुढच्या यंत्राला लॅबमध्ये ‘बेट्सी’ हे लाडाचे नाव मिळाले. १९८६मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९८८मध्ये डेकार्डची पीएचडी झाली. आज ‘सिलेक्टिव्ह लेझर सिंटरिंग’ म्हणून कारखान्यांत चालणारी पद्धत ती हीच.

त्याच दशकात नागोयात हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे प्रयोग केले, अमेरिकेत चक हल यांनी स्टिरिओलिथोग्राफीचे पेटंट घेतले आणि स्कॉट क्रम्प यांनी वितळलेल्या प्लास्टिकची तार थरांवर थर देत बसवण्याची पद्धत काढली. आपल्या कॉलेजांत सर्वाधिक दिसतो तो क्रम्प यांच्या जातीचा थ्रीडी प्रिंटर. तो विद्यार्थ्यांच्या टेबलापर्यंत यायला मात्र बराच काळ गेला, कारण पेटंट होते आणि किंमत लाखांत होती. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५मध्ये ‘रेपरॅप’ हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचे प्लास्टिकचे भाग स्वतःच छापणारे यंत्र करायचे, मोटर आणि लोखंडी सळ्या बाजारातून आणायच्या, आराखडा सर्वांना फुकट द्यायचा. २००८मध्ये ‘डार्विन’ या यंत्राने आपले भाग छापून दुसरे यंत्र उभे केले. २००९मध्ये क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि किमती घसरत हजारांवर आल्या.

पण लॅब मुलांच्या ताब्यात देण्याचा विचार महाराष्ट्रात त्याआधीच पोचला होता, तोही शिरूर तालुक्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हा त्याचा पाया. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिन ट्यून करणे अशा गावच्या गरजांसाठी उपकरणे घडवावीत, हा त्यामागचा विचार होता.

हे सगळे माहीत असताना एखाद्या कॉलेजात प्रिंटर कापडाखाली झाकलेला दिसला, किल्ली एकाच माणसाकडे आणि कापड निघते ते तपासणी समिती आल्यावरच असे कळले, की मला फार वाईट वाटते. मुले वस्तूच्या आकृतीची एसटीएल फाइल पेन ड्राइव्हवर देतात, दोन दिवसांनी तयार तुकडा घेतात आणि जर्नलला फोटो चिकटवतात. यंत्राशी त्यांची ओळखच होत नाही.

ती ओळख तुंबलेल्या नोझलपासून होते. ०.४ मिलिमीटरचे भोक, ०.२ मिलिमीटरचा थर, म्हणजे सहा सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला ३०० थर. पीएलए हे प्लास्टिक साधारण २०० अंशांना नीट वाहते. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकला त्याहून जास्त उष्णता लागते आणि बेड १०० अंशांच्या आसपास तापवला नाही, तर थंड होताना आकसून कोपरे उचलले जातात. पावसाळ्यात आपल्याकडे वेगळाच त्रास. उघडे राहिलेले फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, विशेषतः नायलॉनची, हवेतला ओलावा शोषते. मग नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, तडतड आवाज येतो, पृष्ठभागावर फोड उठतात. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा त्यावरचा उपाय, आणि तो कोणत्याही लॅबला परवडतो. रेझिनच्या यंत्राबाबत मात्र सैल राहू नये. कच्चे रेझिन त्वचेला बाधते, म्हणून हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

मला अभ्यासक्रम ठरवायला मिळाला, तर पहिले प्रॅक्टिकल एका साध्या हुकाचे ठेवीन. एकच फाइल, एकच पीएलए. एक हुक उभा छापायचा, एक आडवा. दोन्हींना वजन टांगत जायचे. उभा हुक कमी वजनातच थरांच्या सांध्यावर सपाट तुटतो, कारण थर एकमेकांना धरतात ती पकड तारेच्या स्वतःच्या ताकदीहून कमी असते. आडव्यात ताण तारेच्या लांबीने वाहतो, म्हणून तो जास्त तग धरतो. तुटलेले दोन्ही तुकडे मुलांनी भिंगाखाली पाहावेत, वजन नोंदवावे आणि मग तिसऱ्या हुकाची दिशा, थराची जाडी, तापमान त्यांचे त्यांनी ठरवावे. त्या वेळी यंत्राची किल्ली त्यांच्याकडेच असावी.