तीनशे किलोंची ओढ

संपादकांनी ड्रोनवर लिहायला सांगितलं होतं. फवारणीचे ड्रोन, लग्नात चित्रीकरण करणारे ड्रोन, ते चालवायला शिकवणारे वर्ग, असा एकूण विषय. त्या चौकशीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा भेटला. बराच वेळ ड्रोनबद्दल बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, ड्रोन स्वतःच स्वतःला सांभाळतो. तुम्हाला उडवणं बघायचं असेल तर आमच्या काकांकडे चला." मी गेलो, आणि ड्रोनचा लेख मागे पडला.

काका चिंचवडला राहतात. भोसरीच्या एका टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत त्यांनी एक छोटं लेथ बसवलं, व्हाइस बसवला, आणि रेडिओवर चालणारी मॉडेल हेलिकॉप्टरं जोडायला, दुरुस्त करायला सुरुवात केली. पैसे घेतात ते फक्त सुट्या भागांचे. त्यांच्याभोवती पाच-सहा तरुण जमले आहेत. नाव छापू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली.

त्या दिवशी खोलीत एकच विषय होता. एका युरोपीय कंपनीचं 700 वर्गातलं नवं हेलिकॉप्टर येऊ घातलं होतं. कंपनीच्या वैमानिकाने नमुना उडवल्याचा व्हिडिओ मुलांच्या फोनवर फिरत होता. यंत्र उलटं होऊन जमिनीपासून हातभर उंचीवर थांबत होतं, शेपटीवर उभं राहत होतं, जागच्या जागी कोलांट्या घेत होतं, आणि प्रत्येक कोलांटीला मुलं ओरडत होती. काकांनी फोन मागून घेतला. उड्डाणाआधी यंत्र गवतावर नुसतं उभं आहे, तिथे त्यांनी व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि रोटरच्या डोक्यावर नजर लावली. "हब एकाच ठोकळ्यातून काढलाय," ते म्हणाले. "स्क्रू कमी केलेत. आत बेअरिंग केवढं टाकलंय, ते हातात आल्याशिवाय कळायचं नाही."

700 वर्ग म्हणजे पातं साधारण 700 मिलिमीटर लांब. रोटरचा व्यास दीड मीटरहून थोडा जास्त, वजन पाच किलोंच्या आसपास. 12 सेलची, 44.4 व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी हे यंत्र चार-पाच मिनिटांत रिकामी करतं. म्हणजे सरासरी दोन किलोवॅटच्या वर शक्ती, आणि झटका दिला की क्षणभर त्याच्या काही पट. रोटर मिनिटाला 2000 फेरे घेतो, पात्याचं टोक ताशी सहाशे किलोमीटरच्या घरात धावतं. केवळ वेगासाठी बांधलेली अशी मॉडेलं सरळ उड्डाणात ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे गेली आहेत.

हे आकडे ऐकून मी थक्क झालो. काकांना मात्र वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. त्यांनी कागद घेतला आणि हिशोब मांडला. पातं 180 ग्रॅमचं. त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून 40 सेंटिमीटरवर. 2000 फेरे. उत्तर आलं तीन हजार न्यूटनच्या वर. "म्हणजे तीनशे किलो," ते म्हणाले. "प्रत्येक पातं डोक्यातून निसटून जायला तीनशे किलोंनी ओढत असतं. आणि धरून ठेवलंय कोणी? ह्यांनी."

त्यांनी तळहातावर एक थ्रस्ट बेअरिंग ठेवलं. दोन बारीक वॉशर, मधे पिंजऱ्यात बसवलेल्या गोळ्या, सगळं मिळून शर्टच्या बटणाहून फारसं मोठं नाही. पातं ज्यात बसतं त्या ग्रिपमध्ये हे असतं. पात्याची ओढ ग्रिपवर येते, ग्रिपमधून या गोळ्यांवर, गोळ्यांवरून हबमधून आरपार जाणाऱ्या स्पिंडलच्या टोकाच्या बोल्टवर, आणि स्पिंडलमधून पलीकडच्या पात्यावर. दोन्ही पाती अशी एकमेकांना ओढून धरतात.

नुसतं धरायचं असतं तर साधा बोल्टही पुरला असता. पण पात्याला त्या ओढीखालीच स्वतःभोवती वळायचं असतं. हेलिकॉप्टर पुढे न्यायचं तर पात्याचा कोन एका बाजूला वाढतो आणि समोरच्या बाजूला कमी होतो, तोही दर फेऱ्याला. सेकंदाला तेहेतीस फेरे, म्हणजे तीनशे किलो अंगावर घेऊन पातं सेकंदाला तेहेतीस वेळा कोन बदलतं. तेव्हा घर्षण जरा जरी वाढलं तरी हा कोन बदलणाऱ्या सर्व्हो मोटरी तापतात आणि यंत्र हाताला जड लागतं. हे मला नव्याने कळलं, आणि खरं सांगायचं तर पुढचे कित्येक दिवस डोक्यातून गेलं नाही.

काकांनी दोन्ही वॉशर एकामागून एक स्पिंडलवर सरकवले. एक अलगद घसरला, दुसरा किंचित अडला. "भोकात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा फरक आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. सैल आहे तो आत, हबकडे. घट्ट आहे तो बाहेर, बोल्टकडे. उलटं बसवलं तरी हेड फिरतं, उडतंही. आणि एक दिवस बेअरिंग खाऊन टाकतं." मग ग्रीस, मग बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या आट्यांवर निळ्या लॉक्टाइटचा एक थेंब. तयार आलेल्या हेडवरही त्यांचा विश्वास नाही. नवं यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, ते आधी पूर्ण उघडायचं आणि पुन्हा जोडायचं, हा त्यांच्या खोलीचा नियम. बसवून झाल्यावर त्यांनी ग्रिप बोटाने फिरवून माझ्या कानाजवळ धरली. आवाज आला नाही. यायला नको होता.

पात्यांना आज्ञा पोचते ती स्वॉशप्लेटमधून. ती जात्यासारखी असते: खालची चकती स्थिर, वरची रोटरबरोबर फिरती. तीन सर्व्हो मोटरी खालच्या चकतीला 120 अंशांवर धरून असतात. तिन्ही एकदम वर गेल्या की दोन्ही पात्यांचा कोन सारखाच वाढतो आणि यंत्र उचललं जातं. चकती कलली की रोटर त्या बाजूला झुकतो. फिरत्या वस्तूला धक्का दिला की परिणाम नव्वद अंश पुढे दिसतो, म्हणून पात्याला मिळणारी आज्ञाही नव्वद अंश आधीची असावी लागते. हे सगळं गणित चकतीला पात्यांशी जोडणाऱ्या बोटभर दांड्यांच्या मांडणीत बसवलेलं असतं.

खऱ्या हेलिकॉप्टरचा इतिहासही मॉडेलमधूनच गेला आहे. अमेरिकेतल्या आर्थर यंग यांनी पेनसिल्व्हेनियात विजेवर चालणारी छोटी मॉडेलं उडवून उडवून रोटर स्थिर ठेवणाऱ्या दांडीचा शोध लावला. 1941 साली ते मॉडेल घेऊनच ते बेल कंपनीकडे गेले. त्यातून झालेल्या बेल 47 ला 1946 मध्ये नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. रेडिओवर चालणारं भरवशाचं मॉडेल हेलिकॉप्टर मात्र यायला 1970 च्या आसपासचा काळ उजाडला. ते काम जर्मनीच्या डिटर श्ल्युटर यांचं. त्यांच्या संचांनी हा छंद कारखान्यांतून घरांत आणला. पुढे जपानच्या हिरोबोने आणि तैवानच्या अलाइनने तो जगभर नेला, आणि कर्टिस यंगब्लडसारख्या विश्वविजेत्यांनी खऱ्या हेलिकॉप्टरला जमणार नाहीत अशी उलटीसुलटी उड्डाणं दाखवली.

स्थिर ठेवणारी ती दांडी, जिला उडवणारे फ्लायबार म्हणतात, मॉडेलांच्या डोक्यावर दशकानुदशकं होती. मग 2000 च्या दशकाच्या शेवटी जर्मनीच्या मिकाडोच्या व्ही-बारसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली. त्यांतल्या नखाएवढ्या जायरोने दांडीचं काम उचललं आणि डोक्यावरचे निम्मे भाग गेले. 2012 च्या सुमारास इटलीच्या एसएबीने गॉब्लिन आणलं. तोवर शेपटी म्हणजे बहुधा साधी नळी असे. गॉब्लिनमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत एकच ओघवती रेषा आली, शेपूट कार्बन फायबरची झाली. त्या यंत्राचीही जगभर अशीच वाट पाहिली गेली होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या यंत्राकडे मागणी तीच: भाग कमी, वजन कमी, ताठपणा जास्त.

काकांना या दिशेचा आनंद आहे, आणि एक काळजीही आहे. पूर्वी हेड नीट जुळलं नसेल तर यंत्र उडताना थरथरायचं, उडवणाऱ्याला लगेच कळायचं. आता जायरो सेकंदाला शेकडो वेळा चुका दुरुस्त करत राहतो. ढिला बॉल लिंक, चुकीचं बसलेलं बेअरिंग, वाकलेला स्पिंडल, सगळं तो झाकून घेतो, आणि झाकणं अशक्य झालं की सगळं एकदम उघड होतं. मला त्यांची काळजी रास्त वाटते. यंत्र जितकं हुशार, तितकं ते जोडणाऱ्या हाताने जास्त जागं राहायला हवं.

नव्या यंत्राची वाट पाहत असताना जुनं उडतंच होतं. तळेगावच्या पुढे एका शेतकऱ्याच्या माळावर ही मंडळी जातात. तिथे इंजिनिअरिंगच्या त्या मुलाने मला ऑटोरोटेशन, म्हणजे मोटरीशिवाय उतरणं, दाखवलं. शंभरेक फुटांवर त्याने मोटर बंद केली. मोटरीचा आवाज थांबला, पात्यांची फडफड तेवढी उरली. रोटरमधलं एकदिशा बेअरिंग मोटरीपासून सुटतं आणि पाती मोकळी फिरू लागतात. त्याने पात्यांचा कोन उणे केला, तशी खालून येणाऱ्या हवेने पाती फिरती ठेवली. यंत्र दगडासारखं खाली आलं नाही, उतरत आलं. जमिनीपासून माणूसभर उंचीवर त्याने कोन वाढवला, पात्यांत साठलेली सगळी गती एका दमात खर्च केली आणि ते गवतावर टेकलं. दुसरी संधी नसते. चार पंख्यांच्या ड्रोनला हे जमत नाही, कारण त्याच्या पात्यांचा कोन बदलतच नाही. मोटर गेली की तो पडतो.

आता अडचणी. पहिली जिवाची. 2013 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका बागेत 19 वर्षांचा एक तरुण स्वतःच उडवत असलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. काका ही घटना प्रत्येक नव्या मुलाला सांगतात. यंत्र सुरू करायचं ते दहा पावलं लांब जाऊनच, बघायला आलेल्यांनी उडवणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, लहान मुलं मैदानात नकोत. एकदा एका पाहुण्याने फोटोसाठी रेषा ओलांडली, तेव्हा काकांनी त्या दिवसाचं उडवणंच बंद केलं.

दुसरी पैशांची. मोटर, बॅटऱ्या, सर्व्हो, रेडिओ धरून 700 वर्गाचं यंत्र अडीच-तीन लाखांच्या घरात जातं, असं काका सांगतात, आणि एका चुकीत निम्मं मातीत जाऊ शकतं. त्यामुळे चौघांनी वर्गणी काढून एक यंत्र घ्यायचं ठरवलं आहे. तिसरी जागेची. लोहगावच्या हवाई तळामुळे पुण्याच्या मोठ्या भागावर उड्डाणाची बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण बाहेरचे माळही प्लॉटिंगमध्ये जात आहेत.

या तिन्ही अडचणी मुलं सोसतात. चौथीने मात्र त्यांना अडवलं आहे. 9 फेब्रुवारी 2022 रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने ड्रोनची आयात बंद केली. तयार ड्रोन, अर्धवट जोडलेला ड्रोन आणि पूर्ण सुटा संच, तिन्हींवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामाला अपवाद आहे, सुटे भाग आणायला मोकळीक आहे. देशात ड्रोन बनावेत हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण 700 वर्गाचं मॉडेल हेलिकॉप्टर देशात कोणी बनवत असल्याचं काकांच्या ऐकिवात नाही. खोक्यात सुट्या भागांत येणारा संच बंदीत बसतो, की खेळाचं साहित्य म्हणून सुटतो, याचा निकाल प्रत्येक वेळी कस्टमच्या टेबलावर लागतो. मुलांनी विचारलेल्या विक्रेत्याने आगाऊ रक्कम घ्यायलाच नकार दिला. "अडकलं तर मी काय सांगू तुम्हाला?" असं तो म्हणाला, आणि त्याचंही चुकलं नाही.

ही नुसती गंमत आहे, हा छंद सोडून देता येईल, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. 19 एप्रिल 2021 रोजी मंगळावर जे उडालं, त्या इन्जेन्युइटीच्या डोक्यावरही स्वॉशप्लेटच होत्या, पात्यांचा कोन तसाच बदलत होता. त्या प्रकल्पाचे मुख्य अभियंता बॉब बालाराम आयआयटी मद्रासचे. हे तंत्र हाताने शिकायची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यांपैकी एक चिंचवडच्या मागच्या खोलीत आहे.

मार्ग अवघड नाही. सरकारच्याच 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेलची वेगळी व्याख्या आहे: 25 किलोंपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी असलेलं, नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं यंत्र. त्याला प्रकार-प्रमाणपत्राची सक्तीही नाही. उडवण्याच्या नियमांना जी व्याख्या मान्य आहे, ती आयातीच्या धोरणात नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाने तेवढी एक ओळ अपवादांच्या यादीत घालावी. हवं तर नोंदणीची अट घालावी, संस्थेची हमी मागावी, संख्येवर मर्यादा ठेवावी. ही मुलं सगळ्या अटी पाळायला तयार आहेत. आणि पुणे-पिंपरीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना एक विनंती: धोरण बदलायची वाट न पाहता काकांसारख्या माणसांना आठवड्यातून एक दुपार तुमच्या वर्कशॉपमध्ये बोलवा. थ्रस्ट बेअरिंगचे दोन वॉशर बोटांनी ओळखता येणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.