तिघांची वाट

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस गोल्डन गेटची सामुद्रधुनी ओलांडली, की मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा लागतो. या जिल्ह्यात सॅन राफेल गावाजवळ, सॅन पाब्लो उपसागराच्या काठी, 'चायना कॅम्प' हे राज्य उद्यान आहे. उद्यान म्हटले, की फुलांचे ताटवे आणि कारंजी डोळ्यांपुढे येतात. येथे तसे काही नाही. सुमारे १,५०० एकरांचे हे रान आहे. टेकड्यांवर ओक आणि इतर वृक्षांची दाट झाडी आहे, तर पायथ्याशी खाऱ्या पाण्याची दलदल पसरलेली आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. परंतु येथील अरुंद वाटांवर पायी फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार असे तिघे एकाच वेळी हिंडत असतात.

डोंगरात चालवावयाची सायकल प्रथम नावारूपास आली, ती याच जिल्ह्यात. १९७० नंतरच्या दशकात येथील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्याने भरधाव खाली येत. १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी शर्यतही सुरू केली. पायडल उलटे फिरवले, की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक लागे. संपूर्ण उतारभर तो दाबून तुंबा इतका तापे, की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यामुळे त्या उताराचे नावच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. १९७७ साली जो ब्रीझ या कारागिराने खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडवला. पुढे जाड नक्षीचे टायर, चढासाठी हलके गिअर आणि भक्कम ब्रेक असलेली ही सायकल जगभर पसरली.

तिच्या जन्मस्थानी मात्र तिचे सर्वांनी स्वागत केले नाही. वळणावरून एकाएकी अंगावर येणाऱ्या सायकलींनी पायी फिरणारे दचकू लागले, घोडे बुजू लागले. तक्रारी वाढल्या. परिणामी जिल्ह्यातील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, आणि आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेले रुंद मातीचे रस्ते तेवढे त्यांच्या वाट्यास राहिले. चायना कॅम्प हा त्याला अपवाद होय. येथेही टर्टल बॅक टेकडीची वाट केवळ चालणाऱ्यांसाठी राखलेली आहे; इतर बहुतेक वाटा मात्र तिघांनाही खुल्या आहेत.

नवशिक्या मुलांना येथील 'शोअरलाइन' वाट विशेष आवडते. ती टेकड्यांच्या पायथ्याने, पाण्याला धरून जाते. चढउतार लहान, वळणे पुष्कळ, आणि झाडी विरळ झाली की एकदम समोर उपसागर दिसतो. 'बे व्ह्यू' ही दुसरी वाट डोंगराच्या कुशीतून जाते. या दोन्ही वाटा जोडल्या, की एक रमणीय फेरी तयार होते. उद्यानात किनाऱ्यालगत एक जुनी कोळीवस्तीही आहे. १८८० नंतरच्या दशकात चीनमधून आलेले सुमारे ५०० लोक तेथे राहत. आपल्या कोकणात जवळा सुकवतात, त्याप्रमाणे ते कोळंबी वाळवून मायदेशी पाठवीत. उद्यानाचे नाव पडले ते त्यांच्यावरून.

वाटेवर निघताना मुलांना हेल्मेट घालावेच लागते. अठरा वर्षांखालील सायकलस्वारांना कॅलिफोर्नियात कायद्याने ते बंधनकारक आहे. वाट सोडून झुडपात शिरणेही बरे नव्हे, कारण तेथे 'पॉयझन ओक' नावाची वनस्पती आढळते. तिची पाने तीन-तीनच्या जुडीने येतात आणि त्यांचा नुसता स्पर्श झाला, तरी अंगावर खाजरे फोड उठतात.

तिघांची गाठ पडली, तर मान कोणाचा? सायकलस्वाराने दोघांनाही वाट द्यावयाची आणि चालणाऱ्याने घोड्याला, असा नियम आहे. घोडा एवढा बलवान, मग त्याला इतके जपावयाचे कशासाठी? घोडा हा मुळात हिंस्र पशूंचे भक्ष्य असणारा प्राणी. मागून आवाज न करता वेगाने काही आले, की त्याला वाघच आला असे वाटते! म्हणून सायकलस्वाराने दुरूनच वेग कमी करावा, उतरून शक्यतो वाटेच्या खालच्या बाजूस उभे राहावे आणि स्वाराशी मोठ्याने दोन शब्द बोलावेत. शब्द कानी पडले, की समोरचा चमत्कारिक आकार म्हणजे माणूसच आहे, हे घोड्याला उमगते आणि तो निवांतपणे पुढे जातो. वळणापूर्वी घंटी वाजवणे, हाक देणे आणि ब्रेक वळणात शिरण्याआधीच लावणे, या सवयीही अशाच उपयोगी पडतात.

या तिघांखेरीज वाटेवर आणखी एक प्रवासी येतो, तो म्हणजे पाणी. चांगल्या डोंगरवाटेला उताराच्या बाजूस किंचित कल दिलेला असतो. त्यामुळे पावसाचे पाणी वाट आडवी ओलांडून निघून जाते. परंतु ओल्या मातीतून सायकल गेली, की चाकाची लांबच लांब चाकोरी उमटते. पुढच्या सरीचे पाणी आडवे न जाता त्या चाकोरीतूनच धावू लागते, माती कापून नेते, आणि पाहता पाहता चाकोरीची घळ होते. घोड्याच्या खुरांनीही ओल्या वाटेला खळगे पडतात. म्हणून मोठ्या पावसानंतर येथील वाटा घोडे व सायकली यांना काही काळ बंद ठेवतात.

२०११ साली पैशांच्या टंचाईमुळे कॅलिफोर्निया राज्याने ७० उद्याने बंद करण्याचे जाहीर केले. त्या यादीत चायना कॅम्पचेही नाव होते. तेव्हा परिसरातील नागरिक पुढे आले, आणि २०१२ साली त्यांच्या 'फ्रेंड्स ऑफ चायना कॅम्प' या संस्थेने उद्यान चालवण्याचा भार उचलला. वाटांच्या दुरुस्तीस स्वयंसेवक येतात आणि बुजलेला कल फावड्याने पुन्हा काढून देतात. त्यांत सायकलस्वारही असतात.