थाळनेरचे पाच दरवाजे

किल्ला म्हटला की डोळ्यांसमोर येतो सह्याद्री. पण आमच्या खानदेशात किल्ले नदीकाठीही आहेत. मी अमळनेरचा. आमच्या गावचा भुईकोट बोरीच्या काठी. ही बोरी पुढे तापीला मिळते आणि त्याच तापीच्या उत्तर काठावर, शिरपूर तालुक्यात, थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. इंग्रजांनी हे दोन्ही किल्ले एकाच वर्षी, १८१८ साली, घेतले.

आधी थाळनेरची रचना बघू. एक बाजू थेट तापीतून वर आलेली. बाकी तीन बाजूंना १०० ते १५० यार्ड रुंदीचा खोलगट भाग. तिथून तट सुमारे ६० फूट उंच, आणि आतली जमीनही तेवढ्याच उंचीवर! म्हणजे सिव्हिलवाल्यांच्या भाषेत ही रिटेनिंग वॉलच झाली. तोफेने दगड उडवले तरी मागे भरीव माती. आत जायला वाट एकच, पूर्वेकडून. एकामागून एक पाच दरवाजे, मधे वळणावळणाचा चढ, कुठे कुठे पायऱ्या. धावत येऊन धडक मारायला जागाच नाही.

मग असा किल्ला एका दिवसात पडला कसा?

महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप थाळनेरला पोचला, तर किल्ल्यातून गोळीबार! तोफांच्या माऱ्यानंतर किल्लेदार तुळशीराम बाहेर येऊन स्वाधीन झाला. काही इंग्रज अंमलदार पाचव्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. आतल्या अरब शिबंदीशी बोलणे सुरू असतानाच हत्यारे चालली. दोन अंमलदार ठार झाले. मग चिडलेल्या फौजेने आतली सुमारे ३०० माणसे कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या फाशीवरून १८१९ मध्ये खुद्द ब्रिटिश पार्लमेंटमध्येही प्रश्न उठले.

आता अमळनेर. इथेही अली जमादाराच्या अरबांनी किल्ला सोडायला नकार दिला. कर्नल हस्किसनची फौज मालेगावहून आली, तिने वेढा घातला, आणि ३० नोव्हेंबरला अरबांनी शस्त्रे खाली ठेवली. थाळनेरसारखी कत्तल इथे झाली नाही.

मला वाटते, थाळनेरच्या बांधकामात खोट नव्हती. शरण यायच्या अटी दिंडीच्या दोन्ही बाजूंना सारख्या कळल्या असत्या, तर कदाचित ती ३०० माणसे वाचली असती. तापीकाठी गेलात तर ते पडके बुरूज नुसते फोटोपुरते बघू नका. पूर्वेकडून चढा आणि पाच दरवाजे मनात मोजा.